गो आणि जू

मानवतच्या बंद जिनिंगमध्ये,
जिथं सरकीचा वास अजून भिंती धरून आहे,
मुनीर सर अनवाणी उभे राहायचे,
समोर आम्ही अकरा जण, त्यात चार पोरी.
एकदा खडूनं त्यांनी फरशीवर समुद्र काढला,
समुद्रात बेट, बेटावर बंदर: नाहा.
पोरं खिदळली. 'न्हायचं कशानं, सर?
नळ तर नवव्या दिवशी येतो.'
सरही हसले, मग खडू ओढत चीनपर्यंत नेला.
ह्याच वाटेनं नावा गेल्या, म्हणाले,
माल घेऊन, आणि एखादा पोरगा
जो मारायला शिकायला गेला
आणि श्वास घ्यायला शिकून आला.

घरी सांगितलं, नाव आहे गोजू.
अण्णा चाकावरचा हात न काढता म्हणाले,
'गो म्हंजे गाय. जू म्हंजे बैलाच्या मानेवरचं.
गाईला जू कोण लावायलंय?'
मी म्हटलं, तिकडं गो म्हणजे कठीण, जू म्हणजे मऊ.
'मंग उलटंच की.
आपल्याकडं गाय मऊ, जू कठीण.'
हे सरांना सांगितलं तर सर बराच वेळ गप्प.
नंतर दोनदा तरी शिकवताना म्हणाले,
'सोपान कुंभार म्हणतात…'
जणू तेही त्या बेटावरचे कुणी.

सरांना दोन माठ हवे होते, घागरीहून लहान,
काठ पाचही बोटांत मावेल असा.
'पाणी किती बसाय पाहिजे?'
'पाणी नाही. वाळू. महिन्याला एक ओंजळ.'
ऐन चैत्रात, आमच्या गावात,
पाणी न भरायचं मडकं!
अण्णांनी पैसे मोजून घेतले.
येडा हाय, म्हणाले, पण उधारी ठेवत नाही.

मग माझं चालणं सुरू झालं.
दोन्ही हातांत माठ, नुसत्या बोटांवर,
पाऊल उचलायचं नाही, चंद्रकोरीसारखं सरकवायचं,
श्वास बेंबीच्या खाली.
सान्चिन. तीन लढाया.
एक अंगाशी, एक श्वासाशी,
आणि तिसरी कुणाशी ते सर सांगत तेव्हा
नेमकं माझं लक्ष नसायचं.
तीच तिसरी, हे फार उशिरा कळलं.

सर मागून येत, दोन्ही तळवे
खांद्यांवर दाणकन आदळत.
मारत नसत. ऐकत असत.
मला ते ओळखीचं होतं.
आव्यातून निघालेलं एकेक मडकं
अण्णा बोटाच्या पेरानं असंच वाजवतात,
बद्द वाजलं की बाजूला ठेवतात,
शिवी न देता.

छातीवर मुठीचा बिल्ला होता,
कुणा जुन्या गुरूच्या हाताचा म्हणे.
आईनं घाईत तो उलटा शिवला,
आणि मूठ बी सोडायला
खाली वळल्यासारखी दिसू लागली.
मी उसवला नाही.

गेल्या फाल्गुनात जिनिंगचे प्लॉट पडले.
कुलूप घालायला आलेल्यांतल्या एकानं
सरांना छातीवर जोरात ढकललं.
माझी मूठ आपोआप मिटली.
सर एक पाऊल मागं सरकले, चंद्रकोरीत,
आणि तो आपल्याच जोरानं तोंडघशी पडला.
सरांनी हात देऊन त्याला उठवलं,
रिकाम्या शेडला कमरेत वाकून नमस्कार केला,
चपला घातल्या.
रस्त्यात म्हणाले, 'पहिला हात आपला नसतो.'
'आणि दुसरा?'
'दिला की आत्ताच.'

माठ मी घरी आणले.
अठरा ओंजळी वाळू अंगणात ओतली.
जिथं माझ्या बोटांनी काठ गुळगुळीत झालाय
तिथं अण्णांनी अंगठा फिरवला,
पेरानं एकदा वाजवून बघितलं.
काय ऐकू आलं ते बोलले नाहीत.

आज नववा दिवस. नळ आलाय.
आई म्हणायली, भर की आता त्यात.
मी निघालेय, काठ पाच बोटांत धरून,
आणि पावलं उचलतच नाहीयेत,
सरकतायत.